सैल दोर आणि पहिल्या आदणाची ढेप

देवाचा अनुभव आला असं सांगणाऱ्या माणसांपासून मी आयुष्यभर चार हात लांब राहिलो. आमच्या जळोचीत असे दोघे-तिघे होते. पारावर कोणी ऐकणारा भेटला की ते डोळे मिटून बोलायला लागत, आणि मी बैलांना पाणी दाखवायचं निमित्त काढून उठत असे. आता सांगायची पाळी माझ्यावर आली आहे. तेव्हा वाचणाऱ्यांपैकी कोणाचे बैल तहानलेले असतील तर त्यांनी खुशाल उठावं, मला राग येणार नाही. घडलं ते मी सरळ सांगणार आहे. त्यात माझा मूर्खपणा कुठे संपला आणि देवाची कृपा कुठे सुरू झाली, त्या दोन्हींच्या मधला बांध मला अजून सापडलेला नाही.

मी नीरेच्या डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस करणारा माणूस. पाटाला पाणी बोटभर कमी आलं तरी मला घरात बसून कळतं, अशी माझी आपली समजूत. आमच्या कुटुंबाचं माहेर इंदापूरच्या अंगाचं, भीमेच्या काठचं. या प्रवासाच्या चार वर्षं आधी तिला मुदतीचा ताप आला. तिसऱ्या आठवड्यात ती माणूस ओळखेनाशी झाली आणि बारामतीहून आलेले डॉक्टर जाताना माझ्याकडे न बघता टांग्यात बसले. त्या दिवसापर्यंत मी जेजुरीला नवस बोललो होतो, शिंगणापूरला बोललो होतो, तुळजापूरला बोललो होतो. एका दुखण्यात एवढे देव गुंतवून ठेवल्यावर पुढे कोणाकडे तोंड घेऊन जावं ते कळेना. शेजारी कोकणातले एक मास्तर राहत. तेही उशाशी येऊन बसले होते. ते म्हणाले, आमच्याकडे खडपेश्वर म्हणून महादेव आहे, समुद्रातल्या खडकावर. भरतीत चहूकडून पाणी वेढतं, ओहोटीला तेवढी पायवाट उघडते. मी समुद्र पाहिलेला नव्हता. तरी हात जोडले आणि म्हणालो, "देवा, हिला बरं कर. हिला घेऊन समुद्रातनं येईन. शिवरात्रीला, नव्या गुऱ्हाळाच्या पहिल्या आदणाची ढेप, अख्खी, कुणी जिभेला न लावलेली, तुझ्यापुढं ठेवीन."

चौथ्या दिवशी ताप उतरला. मास्तर म्हणाले देव पावला, डॉक्टर म्हणाले मुदत संपली. मी दोघांनाही मान डोलावली. खरं सांगायचं तर तापाबरोबर माझा भाविकपणाही उतरला. पहिल्या वर्षी ऊस उशिरा तुटला, दुसऱ्या वर्षी चरक मोडला, तिसऱ्या वर्षी काय झालं ते आठवत नाही, पण काहीतरी झालंच असणार. मनात मात्र एक काटा रुतून राहिला होता. नवस तिच्या जिवावर बोललेला, आणि टाळत होतो मी. तिला साधा खोकला आला तरी मी रात्रभर जागा राही. शिवाय तापानंतर तिचं सगळं परत आलं होतं, केस आले, अंग भरलं, रागसुद्धा आला, पण हसणं पहिल्यासारखं आलं नव्हतं. घरात कोणी झोपलेलं असावं तशी ती आवाज न करता हसायची. मी समजत होतो की नवसाची गोष्ट तिला ठाऊक नाही. चौथ्या वर्षी काहिलीतून पहिलं आदण, म्हणजे आटवलेल्या रसाचा पहिला घाणा, उतरलं, ढेप पडली, आणि ही हातात स्वच्छ धडपा घेऊन गुऱ्हाळावर हजर!

"ही ढेप कुठं जायची न्हाय," ती म्हणाली. "मास्तरांनी समदं सांगितलंय मला. माझ्या जिवावर बोललाय तुमी. न्हेनार असला तर चला, न्हाय तर मी एकली जाते."

"अगं, समुद्र हाय त्यो. पाट न्हवं."

"मग बोलताना कुठं गेलाता समुद्र?"

मी गुमान बारामतीच्या गाडीची वेळ विचारायला निघालो. 

ढेप लहानशीच होती, पंधराएक शेरांची. तिनं ती धडप्यात बांधली, भोवती उसाचं वाळकं पाचट लावलं, वर आपलं जुनं लुगडं गुंडाळलं आणि बारामतीच्या छोट्या गाडीत मांडीवर घेऊन बसली. दौंडात एका म्हातारीनं विचारलं, "लेकरू किती महिन्यांचं म्हणायचं?" ही म्हणाली, "पंधरा दिवसांचं. गुऱ्हाळात झालं." पुढे पुणं, कऱ्हाड, मग मोटारीनं घाट उतरून चिपळूण. आगबोट मोठ्या बंदरांनाच थांबे आणि खडपेश्वराच्या गावात बंदर म्हणायला नुसती वाळू. म्हणून मास्तरांच्या ओळखीच्या एका तांडेलाचा मचवा ठरला. एका शिडाची बेताची होडी, कांदे-मिरच्या भरून दक्षिणेला निघालेली. तांडेल साठीचा, सुकलेल्या सुपारीसारखा, आणि त्याच्या हाताखाली त्याचे दोन पुतणे. तांडेलानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "घाटावरचे काय?" म्हणाला. "पाण्याची सवय हाय ना?"

"पाण्यातच जल्म गेलाय," मी म्हणालो. हिनं माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

खाडी संपून मचवा उघड्या समुद्रात शिरला आणि माझ्या पाण्यातल्या जन्माचा निकाल अर्ध्या तासात लागला. सकाळी खाल्लेली भाकरी, काल खाल्लेली भाकरी आणि मला वाटतं लग्नात खाल्लेली बुंदीसुद्धा मी वरुणदेवाला अर्पण केली. दोन दिवस मी काठावर मान टाकून होतो. पण मान टाकूनही डोळे उघडे राहत, आणि जे दिसलं ते कसं सांगू? पहाटे जमिनीकडून गार वारा सुटे, त्याला ते लोक मतलई म्हणत. त्या वाऱ्यावर शीड असं भरे की गाभण गाईचं पोटच. डाव्या हाताला माडांची रांग, मधूनच एखादं देऊळ, लाल डोंगर, आणि उजव्या हाताला काहीच नाही. ज्याला बांध नाही, शेजारी नाही, पाळी नाही असं पाणी. दुपारी वारा फिरून समुद्राकडून येई आणि मचवा दुडक्या चालीनं पळे. एकदा काळ्या पाठीचे मोठे मासे आमच्या बरोबरीनं चालले, डोहात डुंबणाऱ्या म्हशींसारखे वर येऊन फुसकारे टाकीत. ही ओरडली, "अवो, म्हशी! म्हशी बघा!" पुतणे हसून लोळायचे राहिले.

तिला समुद्र लागला नाही. मी काठावर आणि ती नाळेवर, मचव्याच्या पुढच्या टोकाला, पाय सोडून, पदर खोचून. सुकट-भात खाऊन ढेकर देणारी ही बाई माझ्याच घरातली आहे हे मला पटेना. दुसऱ्या दिवशी तर तिनं तांडेलाला विचारलं, हे लाकूड तुम्ही सारखं हलवता ते कशाला? त्यानं थट्टेनं सुकाणू तिच्या हातात दिलं, आणि परत घ्यायला विसरला. उसाला दारं धरून तिचा जन्म गेलेला. पाण्याला अडवायचं नसतं, जरासं वळवायचं असतं, हे तिच्या मनगटाला आधीपासून ठाऊक होतं. "वैनी, तुमी मागल्या जल्मी खारवी होतात," तांडेल म्हणाला. मी काठावरून विचारलं, "आणि मी?" तो म्हणाला, "तुमी कांद्याचं पोतं." आणि सगळा मचवा हसला.

असा सगळा आनंद चालला होता. तो मोडायला माणूस लागतो. तो मी होतो.

शिवरात्रीच्या आदल्या दिवशी सकाळी गोडं पाणी भरायला मचवा एका खाडीतल्या लहान बंदरात लागला. दुपारी निघून संध्याकाळी खडपेश्वराला पोचायचं, म्हणजे शिवरात्रीच्या पहाटे देवापुढे हजर, असा बेत होता. भरती पूर्ण आली होती. मचव्याचा काठ दगडी धक्क्याच्या बरोबरीला, पाय उचलला की जमिनीवर. तांडेलानं पुढचा आणि मागचा दोर धक्क्यावरच्या खुंटांना बांधला, "जरा लक्ष ठेवा" म्हणाला आणि पुतण्यांना घेऊन गावापलीकडच्या विहिरीवर हंडे भरायला गेला. आता, मचवा हलत नव्हता, म्हणून मला जरा माणसात आल्यासारखं वाटत होतं. मी उठून बघतो तर काय, दोन्ही दोर ढिले! आठ-आठ हात दोर पाण्यात लोंबतोय! ज्यानं आयुष्यभर बैल बांधले त्याच्या डोळ्याला हे सहन कसं व्हावं? आमच्याकडे दावं सैल सुटलं की बैल शेजाऱ्याच्या उसात, आणि शेजारी आपल्या दारात. मी दोन्ही दोर ओढून आखूड केले, मचवा धक्क्याला चिकटवला आणि बैलाची आवळगाठ मारली, दोनदा.

"अवो," ही म्हणाली, "त्यांनी ढिलं सोडलंय ते कायतरी बघूनच आसंल की. आमच्या भीमंचा नावाडी बी दोर ढिलाच ठिवतो."

"सैल बांधलेलं जनावर पराया उसात शिरतंय."

"हितं कुणाचा ऊस हाय?"

"तू गप बस. मला पाण्यातलं कळतंय."

हे वाक्य माझ्या चितेवर लिहिलं तरी चालेल. मी समाधानानं भाकरी खाल्ली आणि कांद्याच्या पोत्यांवर आडवा झालो. पाणी येतं ते मला ठाऊक होतं. आमच्या पाटाला येतं आणि बंद होतं, पण बंद करायला पाटकरी लागतो, त्याची चावी लागते. एवढं मोठं पाणी कोणी न सांगता आपण होऊन खाली उतरेल, हे माझ्या गावीही नव्हतं.

जाग आली ती मी घरंगळत होतो तेव्हा. मचव्याची धक्क्याकडची बाजू माझ्या आवळगाठींनी वर टांगलेली आणि दुसरी पाण्याकडे झुकत चाललेली. धक्का डोक्याच्या वर गेलेला! कांद्याची पोती सरकली, हंडा गेला, चूल गेली. हिनं डोलकाठीला मिठी मारली होती आणि एका हातानं ढेपेचं गाठोडं दाबून धरलं होतं. मी गाठीकडे धावलो. पण अख्ख्या मचव्याचं वजन घेऊन बसलेली गाठ कोणाच्या बापाला सुटते? मी नखं मोडली, दात लावले. मचव्यानं आणखी एक हिसका दिला, आणि तिच्या हातून गाठोडं निसटलं. पोत्यांवरून गडगडत गेलं, काठावर क्षणभर थांबलं आणि खाली गेलं. चुबुक असा आवाज झाला. एवढा लहान आवाज मी आयुष्यात कधी एवढा मोठा ऐकला नव्हता.

तांडेल डोक्यावरचा हंडा टाकून धावत आला आणि कोयत्याच्या दोन घावांत दोन्ही दोर तोडले. मचवा धाडकन खाली आपटला आणि सुकाणूची लोखंडी कडी मोडली. मग तो धक्क्यावर माझ्याकडे वळला. शिव्या देईल असं वाटलं होतं. तो फार हळू आवाजात म्हणाला, "ओ घाटावरचे, हा काय बैल हाय? भरती येते तशी जाते. पाणी खाली जाणार, मचवा त्याच्यासंगती खाली जाणार. दोर ढिला सोडतात तो आळसानं नाय सोडत."

मी चिखलात उतरलो. मांडीइतक्या गाळात चाचपून गाठोडं सापडलं. लुगडं फाटलेलं, पाचट निघून गेलेलं, आत खारं पाणी आणि काळा गाळ. ढेप वरून विरघळून तिचा आकार गेला होता. मी ती छातीशी धरून धक्क्याच्या पायरीवर बसलो. पन्नाशीच्या माणसाला रडू येतं तेव्हा कसं वाईट दिसतं ते मला ठाऊक आहे, पण आलं. ढेपेचं दुःख नव्हतं. हिच्या जिवावर बोललेली गोष्ट, तीन वर्षं टाळलेली, आणि शेवटच्या दिवशी माझ्या हातानं बुडालेली. देव आता हिशेब कोणाकडून घेईल? माझ्याकडून घेतला तर बरं, असं मी मनात म्हणत होतो. आणि तेवढ्यात मागून आवाज आला. मला वाटलं ही हुंदके देते आहे. वळून बघतो तर ती हसत होती. पोट धरून, खदखदून, डोळ्यांतून पाणी काढून, भिंतीला टेकून हसत होती. "बैल!" एवढंच तिला बोलता येत होतं. "बैल... बांधलाय... समुद्र!" धक्क्यावरच्या कोळणी टोपल्या ठेवून बघायला लागल्या. चार वर्षांत तो आवाज माझ्या कानावर पडला नव्हता. मी गाळानं भरलेला, हातात नासलेला नवस, आणि मलाही हसू फुटलं. देव असेल तर त्यानं त्या क्षणी आमच्याकडे पाहिलं असावं, असं मला आज वाटतं. तेव्हा मात्र लाजेखेरीज काही वाटलं नाही.

तांडेल मनाचा मऊ होता. तो म्हणाला, बाजारात दुसरी ढेप मिळेल, देवाला काय कळताय? माझं मन डळमळलं, खोटं कशाला बोलू. पण ही म्हणाली, "ताप मला आलाता. ढेप हीच जाईल. कशी हाय तशी जाईल. आता तुमी कायबी बांधू नका न सोडू नका, गप बसून ऱ्हावा." लोहाराकडून कडी जोडून मिळेपर्यंत शिवरात्रीचा मध्यान्ह होत आला होता. म्हणजे पहाटेचं दर्शन गेलं. मुहूर्त गेला, ढेप गेली, माझी अक्कल तर केव्हाच गेली. माझ्या हातात काहीच उरलं नव्हतं, आणि नवल असं की त्या दुपारी मला समुद्र लागला नाही. मी काठावरची मान उचलून सरळ बसलो होतो. वारा मागून होता, सुकाणू हिच्या हातात होतं, उपास दोघांनाही होता, आणि मी पहिल्यांदाच काही सांभाळत नव्हतो.

खडपेश्वराला पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं आणि ओहोटीनं पायवाट उघडी पडली होती. वाळूवर सगळं गाव जमलं होतं, पण जत्रेचा गलका नव्हता. देवळाच्या तोंडाशी माणसं चिंतेनं उभी होती. वाळूच्या कडेला चुना मळायची घाणी होती, गोल चर आणि त्यात फिरणारं दगडी चाक. चाकाला जुंपलेला बैल चारही पाय रोवून उभा होता आणि एक म्हातारा गवंडी कपाळाला हात लावून बसला होता. आम्ही खाली मान घालून त्याच्या बाजूनं निघालो. गाठोड्यातून काळपट पाक ठिबकत होता. गवंड्यानं वाळूवरचे थेंब पाहिले, मग गाठोडं पाहिलं.

"काय हाय ओ त्यात?"

"काय न्हाय, आबा," मी म्हणालो. "गूळ व्हता. खाऱ्या पाण्यात पडला. देवाला दाखवायच्या लायकीचा ऱ्हायला न्हाय."

म्हाताऱ्यानं बोट लावलं, वास घेतला आणि विशीतल्या पोरासारखा उडी मारून उठला. "गूळ आला!" तो देवळाकडे तोंड करून ओरडला. "अरे गूळ आला! घाटावरनं आला!" आणि गाव आमच्याकडे पळत सुटलं.

गोष्ट अशी होती. गेल्या पावसाळ्यात समुद्रानं देवळाची पहिली पायरी उखडून नेली होती. पायरी बसवायची तर शिवरात्रीच्या ओहोटीत, सगळ्या गावानं मिळून, अशी तिथली रीत. चुन्याला चिकटपणा यावा म्हणून त्यात गुळाचं पाणी घालतात, हे आपल्याकडेही जुने गवंडी करतात. तिकडे ऊस नाही. गूळ घेऊन येणारं गलबत चार दिवस झाले तरी आलं नव्हतं. घरोघरचे खडे गोळा करून ओंजळही भरली नव्हती. अजून दोन तासांत भरती लागणार, आणि मग पायरी पुढच्या शिवरात्रीला, म्हणजे मधला सगळा पावसाळा देऊळ पायरीवाचून. मी म्हणालो, "आबा, पर खारट झालाय त्यो." म्हातारा म्हणाला, "वरचा खरवडून टाकू. आणि पायरीला काय चव कळताय?"

ढेप फोडायला हिनं दगड हातात घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. अख्खी ठेवीन असं मी बोललो होतो. मी मान हलवली. वरचा काळा खारट थर गळून पडला, मग तपकिरी भाग आला तो गुळवणीच्या मडक्यात गेला, आणि अगदी मधे, मुठीएवढा, सोन्याच्या रंगाचा गोळा निघाला. गुऱ्हाळातून निघाला तसाच, कोरडा. पाणी तिथवर पोचलंच नव्हतं. हिनं तो पदरात घेतला. तो तेवढा देवापुढे गेला, कुणी जिभेला न लावलेला.

आता बैल. त्याचा नेहमीचा गडी तापानं पडला होता आणि दुसऱ्या कोणाला तो ऐकेना. मी जवळ गेलो. चार दिवसांत पहिल्यांदा माझ्या ओळखीचं कोणी भेटलं होतं. त्याच्या मानेखाली खाजवलं, शेपटीशी हात ठेवला आणि आमच्या जळोचीची हाळी दिली, पाटावरच्या उसात घुमते तशी, पोटातून. बैलानं कान टवकारले आणि चालायला लागला. दगडी चाक फिरलं, गुळवणी पडत गेली, चुना लोण्यासारखा मळला. माझ्या हाळीवर गावातली पोरं हसत होती, मागून ओरडून नक्कल करत होती. मीही आणखी मोठ्यानं ओरडलो. पाण्यात जन्म घालवलेल्या माणसाचं काम अखेर समुद्रकाठच्या वाळूवर निघालं. चुना झाला, पाट्यांमधून हातोहात खडकावर गेला, आणि मी बैल सोडून खुंटाला नेला. तशी ही जवळ आली.

"बांधा की आता," म्हणाली. "आवळून."

पायरी बसली तेव्हा सूर्य पाण्याला टेकत होता. सगळ्या गावानं दगडाला एकेक बोट लावलं. आम्हांलाही बोलावलं. ओल्या पायरीवर कोणी पाय द्यायचा नाही म्हणून तिच्यावरून लांब ढांग टाकून आम्ही आत गेलो. हिनं तो गोळा पिंडीपुढे ठेवला. मला काही मागायचं सुचलं नाही. नेहमी मी देवापुढे उभा राहिलो की यादी घेऊन उभा असे. त्या दिवशी नुसते हात जोडले आणि मागून येणाऱ्या लाटांचा आवाज ऐकत राहिलो. परतलो तेव्हा पायवाटेवर घोट्याइतकं पाणी आलं होतं. मागं वळून पाहिलं. भरतीची पहिली लाट पायरीच्या खालच्या दगडापर्यंत आली, जरा थांबली आणि मागे गेली.

आम्ही वेळेवर पोचलो असतो तर पहाटेच ती ढेप पिंडीपुढे अख्खी बसली असती. पुजाऱ्यानं ती फोडून माणशी खडा वाटला असता, गावानं तोंड गोड करून जय म्हटलं असतं, आणि दुपारी गुळाची गरज पडली तेव्हा देवळात मुंग्यांखेरीज काही उरलं नसतं. हे म्हणणं माझं नाही, परतीच्या वाटेवर तांडेल म्हणाला. मी त्यावर वाद घालत नाही आणि साक्षही काढत नाही. माझी चूक ती चूकच. तिचं देवानं काय केलं, ते मी डोळ्यांनी पाहिलं, एवढंच मला सांगायचं आहे. मी तीन वर्षं नवस धरून ठेवला, मग ढेप अख्खी राहावी म्हणून धरून ठेवली, मचवा तर दोन गाठींनी धरला. जे जे मी आवळलं ते टांगलं गेलं. ज्यावरचा हात सुटला ते त्याच्या जागी जाऊन बसलं.

आता घरी दर वर्षी पहिल्या आदणाचा गोळा खडपेश्वराच्या नावानं बाजूला निघतो आणि पंधरा घरांत वाटला जातो. समुद्र मला अजून आठवणीतसुद्धा लागतो, पण हिला त्याचं वेड लागलं आहे. मी पाण्याच्या पाळीची, लेकीच्या लग्नाची, कशाचीही काळजी करत येरझारा घालायला लागलो की ती कामातून मान वर न करता म्हणते, "दोर सोडा जरा." मग मी बसतो. दरवर्षी नाही, पण बहुतेक वर्षी पावसाळा सरला की तांडेलाचं कार्ड येतं, कोणाकडून तरी लिहून घेतलेलं. गेल्या महिन्यातही आलं. त्यात लिहिलं होतं, "पायरी जाग्यावर हाय. मुंग्या लागलेल्या नाहीत. वैनीस सांगणे, सुकाणू वाट बघतंय. कांद्याच्या पोत्यास नमस्कार."

हिनं ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि दोन्ही वेळा हसली, साऱ्या आळीला ऐकू जाईल अशी. मग उठून गोठ्यात गेली. मी मागोमाग गेलो तर बैलांची दावी हातभर सैल करत होती.

"अगं, शेजाऱ्याच्या उसात जातील की."

"जाऊ द्या," ती म्हणाली. "आपण आणू की परत."